केलेराने सांगितलेला पिक्चर

इंग्रजी सहाचा आकडा उलटा धरला की नऊ होतो, हे मला शाळेत शिकवलं होतं. पण शाळा सुटून बारा वर्षं झाली होती, आणि रिळाच्या डब्यावर आकड्याखाली जी रेघ ओढलेली असते ती सुव्याहून लंबासापर्यंतच्या बोटीत खाऱ्या हवेनं खाऊन टाकली होती. त्यातून मी रिळाचा डबा आणि माझा जेवणाचा डबा एकाच वेळी उघडले. दोन डबे एकदम उघडल्यावर माणसाचं लक्ष कुठल्या डब्याकडे जातं हे सांगायला नको. त्या दिवशी बायकोनं फणसाची भाजी दिली होती. तर सहाव्या रिळाच्या जागी मी नववं लावलं.

ही गोष्ट चौऱ्याहत्तर सालची. लंबासात जगरूपकाकांच्या थेटरात मी मशीन चालवायचो. पाचव्या रिळात हिरोची आई चुलीपुढे बसून पोळ्या लाटत होती. पुढच्या मिनिटाला ती फोटोत होती आणि फोटोला हार होता. मधल्या काळात तिला जो खोकला लागून ती जायची होती, तो सगळा खोकला माझ्या पायाशी पत्र्याच्या डब्यात पडून होता. हॉलच्या उजव्या बाकांवर आमची माणसं, म्हणजे उसाच्या मळ्यांतली हिंदुस्थानी मंडळी. त्यांनी शिट्ट्या सुरू केल्या. म्हातारीला कोणी मारलं, असं एकानं मोठ्यानं विचारलं. दुसऱ्यानं अंधारातूनच माझं नाव सांगितलं, "बिसुननं."

मी घामाघूम होऊन खिडकीतून खाली पाहिलं. उजवीकडे गोंधळ, पण डावीकडचे पुढचे चार बाक शांत. तिथे काईविती, म्हणजे या बेटांवरच्या मूळच्या, बायका बसल्या होत्या. बाजारात अळूचे कंद आणि मासळी विकून बसची वाट बघायची, त्याऐवजी पंख्याखाली बसायला येणाऱ्या. त्यांना हिंदी यायचं नाही. त्यांच्यातली काही मंडळी बुधवारी घोड्यांच्या इंग्रजी पिक्चरला यायची, कारण घोड्याची भाषा सगळ्यांना कळते. पण त्या दिवशी त्या चार बाकांवरच्या बायका पदर, म्हणजे त्यांच्यात जे काही पदराच्या जागी असतं ते, डोळ्यांना लावून बसल्या होत्या. आणि एक धिप्पाड तरुण बाई त्यांच्याकडे तोंड आणि पडद्याकडे पाठ करून खालच्या आवाजात काहीतरी सांगत होती.

मला काईविती भाषा येते. बापाचं दुकान त्यांच्या गावात होतं, त्यांच्या पोरांत वाढलो. मी कान दिला. ती सांगत होती, "म्हातारी मेलेली नाही. पोळ्या लाटून दमली, तिथंच डोळा लागला. आपण मेल्यावर पोरगा रडतो का नाही, ते ती स्वप्नात बघते आहे. बघा, रडतोय. चांगला मुलगा आहे."

सातव्या रिळात म्हातारी पुन्हा हिंडूफिरू लागली तेव्हा उजवीकडच्या लोकांनी जगरूपकाकांना बाहेर गाठलं. डावीकडच्या बायकांनी मात्र सुस्कारा टाकला, की उठली बाई एकदाची. नवव्याच्या जागी जेव्हा मी सहावं लावलं, तेव्हा त्या तरुण बाईच्या सांगण्यानुसार पोराला आईची आठवण येत होती. पिक्चर संपल्यावर त्या बायका बाहेर पडून म्हणत होत्या, इतका समजायला सोपा पिक्चर आजवर पाहिला नव्हता.

ती बाई म्हणजे केलेरा. बाजारात चिंबोऱ्या विकायची. तिवराच्या चिखलात हात घालून तळहाताएवढी नांगी असलेली चिंबोरी काढायची आणि वेलीनं अशी बांधायची की गिऱ्हाईक ती पोराच्या हातात द्यायलाही भीत नसे. हिंदी ती आमच्यातल्यासारखं बोलायची. तिच्या शेजारी कोथिंबीर विकणारी आमची एक आजी बसायची, तिच्याकडून भाषा आणि शिव्या दोन्ही उचललेल्या. जगरूपकाका व्यापारी माणूस. ज्या बाईला माझ्या चुकीतून गोष्ट काढता येते, तिला बरोबर लावलेल्या रिळांतून काय काय काढता येईल याचा त्यांनी रात्रभर विचार केला असावा. सोमवारी ते बाजारात गेले आणि दर शनिवारच्या दुपारच्या खेळाला पडद्याच्या डाव्या बाजूला स्टूल टाकून पिक्चर काईवितीत सांगायला बसायचं, असं तिला सांगून आले. साखर कारखान्यातल्या फिटरकडून पत्र्याचा एक भोंगाही करून घेतला.

शुक्रवारी दुपारी मी तिला नवा पिक्चर एकदा रिकाम्या हॉलमध्ये दाखवायचो. पहिल्याच शुक्रवारी ती वर मशीनच्या खोलीत आली, तेव्हा बरं दिसावं म्हणून मी उठून म्हणालो, "ये बहिणी, बस."

ती दारातूनच मागे फिरली. जिना अर्धा उतरल्यावर थांबली आणि वर बघत म्हणाली, "एकदा म्हणालास, चुकून म्हणालास. दुसऱ्यांदा म्हणालास तर मला तुझ्याशी जन्मभर बोलता यायचं नाही. मग पिक्चर काय हातवारे करून समजावशील?"

हे मला खरं तर माहीत असायला हवं होतं. त्यांच्यात सख्खे बहीणभाऊ जाणते झाले की बोलणं बंद. भांडण नाही, राग नाही, ती रीत आहे. भाऊ एका दारानं आत आला की बहीण दुसऱ्या दारानं बाहेर जाते. एका चटईवर बसायचं नाही, एकमेकांचं नाव घ्यायचं नाही. जितकं नातं जवळचं, तितकं अंतर लांब. निरोप मावशीकडून. आणि थट्टामस्करी, शिवीगाळ, ओरबाडाओरबाडी सगळी मामेभाऊ-आतेबहिणींत, कारण तिथे सोयरीक होऊ शकते.

मी विचारलं, मग तुला म्हणू तरी काय?

"मामेभाऊ हो माझा. मामेभावाला काहीही बोलता येतं."

माझ्या बायकोला हे नातं फारसं पसंत पडलं नाही. पण घरी मोठ्या चिंबोऱ्या येऊ लागल्यावर तिनं तो विषय काढला नाही.

आता हिंदी पिक्चर म्हटला की त्यात बहीण आलीच, आणि बहीण आली की राखी आली, गळ्यात पडणं आलं, गाणं आलं. पहिल्याच पिक्चरमध्ये हिरोनं बहिणीच्या डोक्यावर हात ठेवला, आणि डावीकडच्या बाकांवर एकदम खोकल्याची साथ आली. सगळ्यांनी माना खाली घातल्या. हॉलमध्ये त्यांचे स्वतःचे भाऊ मागच्या बाकांवर बसलेले. त्यांच्या देखत असलं काही बघायचं म्हणजे काय? केलेरानं भोंगा उचलला आणि जाहीर केलं, "ती त्याची आतेबहीण आहे." माना वर आल्या. दोरा कसला बांधते आहे, असं कोणीतरी विचारलं. केलेरा म्हणाली, बोलणी पक्की झाल्याची खूण.

इथवर ठीक होतं. पण पुढे हिरो शहरात गेला आणि दुसऱ्याच मुलीबरोबर बागेत गाऊ लागला. डावीकडच्या बायका खवळल्या. दोरा बांधून घेतला, हातचं खाल्लं, आणि आता हे? केलेरानं मग दोरा बांधणाऱ्या मुलीच्या बापानं मागणीत आलेला देवमाशाचा दात परत पाठवला होता, सोयरीक मोडली होती, असं मधल्या मध्ये घुसवलं. हिंदीत त्या वेळी हिरो ट्रकचं चाक बदलत होता.

दुसऱ्या एका पिक्चरमध्ये बहीणभाऊ लहानपणी जत्रेत हरवले आणि शेवटच्या रिळात एकमेकांना भेटले. केलेराच्या सांगण्यानुसार हरवले होते आतेबहीण-मामेभाऊ. त्यामुळे ते भेटल्यावर डावी बाजू लग्नाची वाट बघत बसली. बहिणीनं इन्स्पेक्टरशी लग्न केलं आणि पिक्चर संपला. एक म्हातारी बाकावरून उठेना. तिचं म्हणणं, अजून एक रीळ राहिलं आहे, बिसुनीनं लपवलंय. बिसुनी म्हणजे मी. त्यांच्या जिभेवर कुठलंही नाव व्यंजनावर संपत नाही.

सांगायचं एवढंच, की दोन वर्षांत शनिवारी थेटराबाहेर लांबच्या गावांहून ट्रक येऊ लागले. डावीकडे चार बाकांचे वीस झाले आणि उजवीकडची आमची माणसं कुरकुरत भिंतीला सरकली. चर्चच्या गायकांनी एका रविवारी स्तोत्राला जी चाल लावली ती पाद्रीबुवांना फार आवडली. ती कुठून आली हे त्यांना कुणी सांगितलं नाही. एका गावच्या रग्बीच्या संघानं गुण मिळवल्यावर हिरोसारखी मान उडवत नाचायची पद्धत पाडली. ज्या पोरींची नावं बायबलातून यायची त्यांची नावं पडद्यावरून येऊ लागली. हे सगळं हिंदुस्थानातल्या सिनेमावाल्यांच्या कर्तबगारीनं झालं, असं जगरूपकाका म्हणत. मला ते पटत नसे. सिनेमावाल्यांनी जे पिक्चर काढले, ते डाव्या बाजूनं कधी पाहिलेच नव्हते. त्यांनी केलेराचे पाहिले.

डावीकडच्या शेवटच्या बाकावर, अगदी माझ्या खिडकीखाली, एक उंच माणूस दर शनिवारी बसायचा. चार वर्षांत एकही खेळ त्यानं चुकवला नाही. कारखान्यात उसाच्या गाड्या ओढणारं छोटं इंजिन चालवायचा. त्याच्याबरोबर कामाला सगळे आमचेच, त्यामुळे हिंदी त्याला पक्कं यायचं. एकदा मी त्याला विचारलं, तुला सगळं कळतं, मग उजवीकडे बस की, तिथून पडदा नीट दिसतो. तो म्हणाला, "हे बाक रुंद आहेत."

बाक सगळे एकाच सुतारानं केलेले होते. नंतर मला कळलं की हा इसिकेली, केलेराचा धाकटा सख्खा भाऊ. मग मी त्याला बाकांबद्दल पुन्हा काही विचारलं नाही.

अठ्ठ्याहत्तर साली आमच्या पलटणीला शांतिसेनेबरोबर लेबनॉनला जायचं ठरलं. लंबासातून ज्या पोरांची नावं निघाली त्यांत इसिकेलीचं होतं. लेबनॉन कुठे आहे हे बाजारात कुणाला माहीत नव्हतं. ते बायबलात आहे म्हणून चांगलंच असणार असं कोथिंबीरवाल्या आजीला कुणीतरी सांगितलं होतं. पुढच्या बुधवारी पोरं बोटीनं सुव्याला जायची होती.

त्याच्या आधीच्या शुक्रवारी केलेरा पिक्चर बघायला आली. नवा पिक्चर नेहमीसारखाच. चौथ्या रिळाच्या शेवटी भाऊ नोकरीसाठी परगावी निघतो, बैलगाडी दारात उभी, बहीण धावत येऊन दोरा बांधते आणि म्हणते, मला हिरव्या बांगड्या आण, मोठ्या मापाच्या आणू नकोस, आणि येताना वहिनी आणलीस तर तिच्यासाठी वेगळ्या आण. भाऊ हसतो. गाडी जाते. केलेरानं ते रीळ पुन्हा लावायला सांगितलं. मग पुन्हा, आणि पुन्हा. चौथ्यांदा सांगितलं तेव्हा मी मशीन बंद केलं आणि म्हणालो, यात न समजण्यासारखं काय आहे? बांगड्या मागते आहे.

ती बराच वेळ भोंग्याचा पत्रा नखानं वाजवत बसली. मग तिनं सांगितलं ते मी माझ्या शब्दांत सांगतो, कारण तिनं ते तुकड्या-तुकड्यांनी सांगितलं.

ती बारा वर्षांची आणि इसिकेली दहाचा असताना दोघं तिवरात चिंबोऱ्या धरायला जायची. एकदा तिला आयुष्यात कधी मिळाली नव्हती एवढी चिंबोरी मिळाली. तिनं बांधली. इसिकेलीनं गाठ कशी घातली ते बघण्यासाठी सोडून पाहिली आणि चिंबोरी चिखलात गेली. केलेरानं त्याच्या तोंडावर चिखल मारला आणि म्हणाली, जा, दर्यापार जाऊन मर. त्याच आठवड्यात गावच्या पुरुषांनी त्याला त्याच्या वयाच्या पोरांबरोबर नेलं. चार दिवसांनी तो नवीन कापड नेसून परत आला तेव्हा तो जाणता झाला होता. त्या दिवसापासून बोलणं बंद. म्हणजे तिनं भावाशी बोललेलं शेवटचं वाक्य तेच. सोळा वर्षं ते तसंच पडून होतं, आणि आता तो खरंच दर्यापार चालला होता.

मी म्हणालो, मावशीकडून निरोप पाठव. सगळे पाठवतात.

"निरोप पाठवीन की, जपून जा, ऊबदार कपडे ने. पण बोलले मी होते, मावशी नव्हती. चिंबोरीची गाठ जिनं बांधली तिनंच सोडायची असते. दुसऱ्यानं सोडली तर बोट जातं."

मी चिठ्ठी सुचवली. चिठ्ठी म्हणजे बोलणंच, ती म्हणाली, फक्त भित्र्या माणसाचं. मी रिळं गुंडाळू लागलो. ती जिना उतरली आणि अर्ध्यावर थांबून तिनं विचारलं, "चौथं रीळ संपल्यावर पाचवं किती वेळात लागतं?"

मी म्हणालो, दुसरं मशीन तयारच असतं. पापणी लवायच्या आत.

ती उरलेला जिना उतरली.

शनिवारी हॉल गच्च होता. पलटणीत जाणारी पोरं आली होती, त्यांच्या आया आल्या होत्या, गावचे मोठे लोक पुढे चटई टाकून बसले होते. इसिकेली त्याच्या बाकावर, माझ्या खिडकीखाली. मला वरून त्याचे नुकतेच कापलेले केस तेवढे दिसत होते. तीन रिळं नेहमीसारखी गेली. केलेरानं त्या भावाबहिणीला अजून काहीच नाव दिलं नव्हतं. घरातली मुलगी, घरातला मुलगा, असं चाललं होतं. पुढच्या बाकावरच्या बायका आतेबहीण कधी म्हणते याची वाट बघत होत्या.

चौथ्या रिळाचा शेवट आला. गाडी दारात आली. बहीण धावत आली. केलेरा स्टुलावरून उठून उभी राहिली. एरवी ती कधी उभी राहत नसे, मोठ्या लोकांसमोर ते बरं दिसत नाही. तिनं भोंगा तोंडाला लावला.

"ही बहीणभावंडं आहेत. सख्खी. एका आईची."

खोकल्याची साथ आली, पण या वेळी केलेरा थांबली नाही. एका म्हातारीनं कापड डोक्यावरून ओढून घेतलं. मधल्या बाकांवरचे आठ-दहा पुरुष उठले आणि वाकून, हात गुडघ्यांशी धरून, दारानं बाहेर गेले, कारण त्यांच्या बहिणी पुढे बसल्या होत्या. पडद्यावरची बाई हिंदीत सांगत होती की मागच्या खेपेच्या बांगड्या मनगटात फिरत होत्या. केलेरा काईवितीत सांगत होती, "ती म्हणते, लहानपणी चिखलात उभी राहून मी एक शब्द बोलले होते. तो राग चिंबोरीवरचा होता."

उजवीकडची आमची माणसं बांगड्यांच्या विनोदाला हसली. त्यांना केलेराचं कळत नव्हतं. डावीकडच्यांना बांगड्यांचं कळत नव्हतं. दोन्ही कळणारे त्या हॉलमध्ये आम्ही तिघंच, आणि त्यातला एक माझ्या खिडकीखाली बसला होता. तो उठला नव्हता.

पडद्याच्या कोपऱ्यात काळा ठिपका आला. तो ठिपका आला की ऑपरेटरनं दुसरं मशीन सुरू करायचं असतं. पाचव्या रिळाच्या सुरुवातीला एक ढेरपोट्या सावकार शेणात घसरून पडत होता. माझा हात मशीनवर होता. केलेराचं बोलणं संपलेलं नव्हतं. दुसरा ठिपका आला आणि गेला.

मी मशीन सुरू केलं नाही. नंतर जगरूपकाकांना मी सांगितलं की विसरलो. माझा लौकिक लक्षात घेता त्यांना त्यात नवल वाटलं नाही.

रीळ संपलं, शेपटी चाकावर फटफट वाजू लागली, पडदा पांढराफेक झाला आणि सगळा हॉल त्या उजेडात उघडा पडला. उजवीकडून शिट्ट्या आल्या, माझ्या नावानं जे यायचं ते आलं. पांढऱ्या पडद्यापुढे केलेरा एकटी उभी होती. पडद्यावर आता बहीण नव्हती, भाऊ नव्हता, बैलसुद्धा नव्हते. तरी ती सांगतच होती.

"ती म्हणते, तो शब्द मी परत घेते. दर्यापार जा. पण मरू नकोस. परत ये. तू आलास की मी दुसऱ्या दारानं बाहेर जाईन, पण तू या दारानं आत ये."

एवढं बोलून तिनं भोंगा खाली ठेवला आणि ती स्टुलावर बसली.

शिट्ट्यांमध्येच मला खालून आवाज आला. तळहात वाकवून, पोकळी धरून वाजवलेली टाळी. रिकामा नारळ नारळावर आपटावा तसा घुमणारा तो आवाज असतो. यंगोनाची, म्हणजे मुळी कुटून केलेल्या पेयाची, वाटी हातात घेताना, कुणी चूक कबूल करायला दारात येऊन बसला आणि आपण ती पोटात घातली हे सांगताना, आमच्याकडे ती टाळी देतात. ती देताना बोलायचं नसतं. एक. मग थोडं थांबून दुसरी. मग तिसरी. डावीकडच्या कुणीही मागे वळून पाहिलं नाही, कारण टाळी कुणाची हे बघणं म्हणजे सगळंच बघणं झालं असतं.

मी पाचवं रीळ लावलं. सावकार शेणात पडला. इतका वेळ हसायला काही न मिळालेल्या माणसांसारखा सगळा हॉल, दोन्ही बाजूंचा, हसला.

बुधवारी बोट गेली. केलेरा धक्क्यावर गेली नाही. बाजारात बसून चिंबोऱ्या बांधत होती. गावच्या मोठ्या लोकांनी तिच्या मामाला बोलावून घेतलं, आणि मामाला यंगोनाची मुळी घेऊन जाऊन भाचीच्या वतीनं माफी मागावी लागली. रीत मोडली की नाही यावर तिथे दोन संध्याकाळी वाद झाला. ती भावाशी बोलली असं कुणालाच म्हणता येईना, कारण बोलली होती पडद्यावरची बाई. शेवटी एक महिना भोंग्याला हात लावायचा नाही असं ठरलं.

त्या महिन्यात जगरूपकाकांनी एका काईविती शाळामास्तरला आणलं. मास्तर विद्वान होता. प्रत्येक वाक्याचं वाक्य सांगायचा, बहिणीला बहीण म्हणायचा आणि लगेच क्षमा मागायचा. दुसऱ्या शनिवारी अर्धेच ट्रक आले. तिसऱ्या शनिवारी मास्तरला मधल्या सुट्टीत एका म्हातारीनं सांगितलं, "बाळा, तू सांगतोस तो पिक्चर चांगला असेल, पण आम्ही केलेराचा बघायला आलोय." महिना संपायच्या आत जगरूपकाका स्वतः मुळी घेऊन मोठ्या लोकांच्या दारात मांडी घालून बसले. त्यांचे गुडघे दुखायचे, तरी बसले.

केलेरा परत स्टुलावर आली. बहिणी पुन्हा आतेबहिणी झाल्या.

वर्षभरानं पलटण परत आली. पोरांनी कुठल्या कुठल्या वस्तू आणल्या होत्या, एकानं तर आमच्याकडे कुणी कधी खाल्लं नाही असलं काहीतरी डब्यात भरून आणलं होतं. इसिकेली जरा वाळला होता आणि एका कानानं कमी ऐकू यायला लागला होता. पहिल्याच शनिवारी तो खेळाला आला आणि आपल्या रुंद बाकावर बसला. फक्त डाव्या टोकाला बसायचा तो आता उजव्या टोकाला बसला, चांगला कान स्टुलाच्या बाजूला येईल असा. केलेरानं त्याच्याकडे पाहिलं नाही. मात्र त्या दिवशी तिचा आवाज थोडा मोठा होता. उजवीकडच्या आमच्या माणसांनी तक्रारही केली.

सोमवारी मी बाजारात गेलो. केलेरा चिंबोऱ्या बांधत होती. मी समोर बसलो, एक हातात घेतली, खाली ठेवली. वर्षभर जे विचारायचं होतं ते मनात जुळवून घेतलं. शेवटी म्हणालो, केलेरा, मी सगळा पिक्चर चार वेळा पाहिला, चौथं रीळ तर सात वेळा. ती बाई फक्त हिरव्या बांगड्या मागत होती. पडदा पांढरा झाल्यावर तर तिथे कुणीच नव्हतं. मग ते सगळं म्हणालं कोण?

तिनं वेल दातात धरून गाठ आवळली, चिंबोरी माझ्या पिशवीत टाकली आणि म्हणाली,

"मामेभावा, तू आपली रिळं नीट लाव."